तूर उतरली, डाळ चढली

२०२० सालच्या मार्च महिन्याच्या अखेरीस मूर्तिजापूर तालुक्यात दोन गोष्टी एकाच वेळी घडत होत्या. शेतकऱ्याच्या ओसरीवर तुरीच्या पोत्यांची थप्पी लागलेली होती आणि त्या मालाला गिऱ्हाईक नव्हते. तर गावातल्या किराणा दुकानात तुरीची डाळ आठवड्यागणिक महाग होत चालली होती. तूर आणि डाळ यांच्यामध्ये अंतर ते किती? अकोल्याच्या डाळमिली येथून चाळीस किलोमीटरांच्या आत आहेत. दाणा एकच. तो सालासकट शेतकऱ्याच्या घरी असेपर्यंत त्याचा भाव उतरतो आणि सोलून त्याच्या दोन फाकी झाल्या की चढतो. मागणी-पुरवठ्याच्या रेषा फळ्यावर काढण्यात ज्याचे उभे आयुष्य गेले, त्या प्रस्तुत लेखकाला त्या दिवसांत आपल्याच आकृत्यांकडे नव्याने पाहणे भाग पडले.

साथ ओसरून आता काही वर्षे लोटली. विषय शिळा झाला असे कोणी म्हणेल. परंतु त्या दोन वर्षांत धान्याचे भाव, शिधावाटप आणि गरिबांचे ताट यांच्या बाबतीत जे अनुभव आले त्यांतून शासनाने काय घेतले, याचा हिशेब अजून मांडला गेलेला नाही. आणि वऱ्हाडापुरते बोलायचे तर तो हिशेब उलट्या दिशेने चालू आहे, असे आमचे मत आहे. म्हणून हा प्रपंच.

एक गोष्ट आधी स्पष्ट केली पाहिजे. रोगाच्या साथीत निर्बंध नकोत, असे आमचे म्हणणे नाही. इस्पितळांतील खाटा अपुऱ्या पडत असताना गर्दी थोपविणे आवश्यकच होते. प्रश्न आहे तो, २४ मार्चच्या रात्री आठ वाजता घोषणा करून चार तासांत साऱ्या देशाची दारे लावून घेताना धान्य शेतातून ताटापर्यंत कोणत्या वाटेने येते याचा विचार कोणी केला होता काय, हा. ‘जीवनावश्यक वस्तूंची दुकाने चालू राहतील’ एवढे एक वाक्य आदेशात घातले की तो विचार झाला, अशी प्रशासनाची समजूत दिसते. दुकान चालू होते हे खरे. दुकानाच्या मागची सारी साखळी मात्र बंद होती.

देशात धान्य नव्हते म्हणून भाव चढले, असे कोणालाही म्हणता येणार नाही. २०१९-२० साली देशातील अन्नधान्याचे उत्पादन तोवरच्या सर्व वर्षांपेक्षा अधिक, जवळजवळ तीस कोटी टन होते. दरवर्षी १ एप्रिलला केंद्रीय साठ्यात गहू आणि तांदूळ मिळून सुमारे २१० लाख टन असावेत असा दंडक आहे. त्या वर्षी साठा त्याच्या दुपटीहून अधिक होता. वऱ्हाडाने याच्या अगदी उलट परिस्थितीही पाहिली आहे. १९१८ साली पावसाने दगा दिला, महायुद्धामुळे धान्य आधीच महाग झालेले होते आणि त्यातच इन्फ्लुएंझाची साथ आली. मध्यप्रांत आणि वऱ्हाड हा त्या साथीत देशात सर्वाधिक माणसे गमावणाऱ्या मुलुखांपैकी एक ठरला. त्या वर्षी घरात दाणा नव्हता. १९७२ च्या दुष्काळातही नव्हता. म्हणून मिलो आणि सुकडी यांची चव आमच्या पिढीच्या जिभेवर अजून आहे. २०२० साली दाणा होता, गोदामे अपुरी पडावीत इतका होता, आणि तरीही माणसे उपाशी राहिली.

हे कसे घडले, ते थोडे तपशिलात शिरून पाहिले पाहिजे. शेतमालाचा भाव आकाशातून पडत नाही. बाजार समितीच्या आवारात हर्रास होतो, अडत्या बोली लावतो, मापारी माप करतो, हमाल पोते पाठीवर घेतो, ट्रक ते गिरणीत नेतो, गिरणीतला मजूर ते पाखडतो, भिजवतो, वाळवतो आणि मग डाळ बाहेर पडते. तेथून पुन्हा ठोक व्यापारी, पुन्हा ट्रक, पुन्हा हमाल. या माळेतला एकही मणी निखळला तर एका टोकाला माल साचतो आणि दुसऱ्या टोकाला टंचाई होते. टाळेबंदीत बाजार समित्यांचे व्यवहार थांबले, किंवा सुरू झाले तरी मोजक्या गाड्यांपुरते आणि टोकन देऊन. परप्रांतीय मजूर गावी निघून गेले. ट्रकचालकाला वाटेत ना जेवण, ना पंक्चर काढणारा. आणि माल टाकून रिकामा परत येताना त्याच्याजवळ ‘जीवनावश्यक’ काही नसल्यामुळे नाक्यावर त्याची अडवणूक. त्यामुळे त्याने भाडे वाढविले, आणि ते वाढलेले भाडे शेवटी कोणाच्या पिशवीतून गेले, हे सांगायला नको.

तुरीची शासकीय खरेदी याच वेळी थांबली. त्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ५,८०० रुपये होता. खरेदी केंद्र बंद, बाजार बंद, आणि पुढे खरिपाच्या बियाण्या-खतांची सोय करायची. अशा वेळी गावात येऊन माल मागणारा व्यापारी हमीभावाच्या कितीतरी खाली बोलणार, यात नवल कसले? हरभऱ्याचे तेच झाले. कापसाची कथा तर याहून लाजिरवाणी. जिनिंगमधले मजूर निघून गेल्यामुळे एप्रिलमध्ये पुन्हा सुरू झालेली खरेदी रडतखडत पावसाळ्याच्या तोंडापर्यंत गेली आणि दरम्यान अडलेल्या शेतकऱ्याने मिळेल त्या भावात कापूस विकून टाकला. कापूस खायचा नसतो, हे मान्य. परंतु वऱ्हाडातला कोरडवाहू शेतकरी कापूस विकूनच ज्वारी आणि डाळ विकत घेतो, ही गोष्ट अन्नसुरक्षेवर बोलणाऱ्या पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. तो स्वतः धान्याचा गिऱ्हाईक आहे. त्याच्या कापसाचा भाव पडणे म्हणजे त्याच्यापुरती ज्वारी महाग होणे होय.

आता दुकानासमोरच्या रांगेकडे वळू. सकाळी अमुक ते अमुक इतकेच तास दुकान उघडे राहील, हा नियम वरवर सर्वांना समान आहे. प्रत्यक्षात तो ज्याच्या खिशात महिन्याचे पैसे एकदम असतात त्याच्या सोयीचा आहे. प्रस्तुत लेखक निवृत्तिवेतनधारक आहे. टाळेबंदी लागणार अशी कुणकुण लागताच त्याने दोन महिन्यांचा किराणा भरून ठेवला, हे येथे कबूल केले पाहिजे. आणि आमच्या गल्लीतल्या सर्वच पगारदारांनी तेच केले. आम्ही कोणी साठेबाज नव्हतो. परंतु आमच्या त्या शहाणपणाने दुकानातला माल दोन दिवसांत संपला आणि तिसऱ्या दिवशी जो नव्या भावाने आला तो घेण्याची पाळी आली पाव किलो डाळ, दहा रुपयांचे तेल घेणाऱ्या बाईवर. रोज मजुरी मिळाली की रोजचा किराणा घ्यायचा, हा गरिबाचा व्यवहार आहे. त्यातून वऱ्हाडातल्या खेड्यांत आठवडी बाजाराचा दिवस हाच मजुरी चुकती होण्याचा दिवस. आठवडी बाजार बंद झाले म्हणजे नुसती भाजी मिळेनाशी झाली असे नव्हे. मजुराचा पगाराचा दिवस आणि खरेदीचा दिवस दोन्ही एकदम नाहीसे झाले. जी उधारी किराणा दुकानदार एरवी देत असे, तीही त्याने आखडती घेतली. कारण त्यालाही ठोक व्यापारी रोख मागू लागला होता. सुटा माल घेणाऱ्याला किलोमागे नेहमीच जास्त पडतात. टाळेबंदीने हा गरिबीवरचा अधिभार आणखी वाढविला.

आणि या अधिभाराची नोंद कोठेही झाली नाही. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावी अशी ही गोष्ट आहे. किरकोळ भावांची माहिती गोळा करणारे शासकीय गणक १९ मार्च २०२० पासून बाजारात जाईनासे झाले. परिणामी एप्रिल आणि मे या दोन महिन्यांचा ग्राहक किंमत निर्देशांक नेहमीप्रमाणे प्रसिद्धच होऊ शकला नाही. काही गटांचे तुटक आकडे तेवढे बाहेर आले. त्या तुटक आकड्यांतही डाळींची भाववाढ वर्षभरात वीस टक्क्यांहून अधिक दिसत होती. ज्या दोन महिन्यांत देशाच्या इतिहासातील सर्वांत कठोर निर्बंध होते, त्याच दोन महिन्यांत भाव मोजले गेले नाहीत. मापच बंद असल्यावर ‘भाव स्थिर आहेत’ असे म्हणायला सत्ताधीश मोकळे असतात.

भाव हा तरी प्रश्नाचा अर्धाच भाग. अमर्त्य सेन यांनी १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाचा अभ्यास मांडून दाखवून दिले की, दुष्काळ पडायला धान्य कमी असावेच लागते असे नाही; धान्यावर हक्क सांगण्याची ताकद माणसाच्या हातून गेली की पुरे. मजुराची ही ताकद म्हणजे त्याची मजुरी. एप्रिल २०२० मध्ये देशातील बेकारीचे प्रमाण तेवीस टक्क्यांवर गेल्याचा अंदाज खासगी पाहणीने दिला. रोजगार हमीची कामे त्या महिन्यात जवळजवळ ठप्प होती. आणि जिच्या अनुभवावर देशाचा कायदा उभा राहिला ती रोजगार हमी मुळात याच महाराष्ट्राची! ज्याचा रोज बुडाला त्याला डाळ शंभर रुपये किलो आहे की ऐंशी, याने काय फरक पडतो? आमच्या गावावरून मुंबई-नागपूर-कोलकाता हमरस्ता जातो. त्या एप्रिल-मे महिन्यांत पश्चिमेकडून पूर्वेकडे, छत्तीसगड-ओडिशाच्या दिशेने, डोक्यावर बोचकी आणि काखेत पोर घेतलेली माणसे चालत होती. गाडगेबाबांचे बालपण ज्या दापुऱ्यात गेले ते याच तालुक्यात. त्या मातीला साजेल असे वागून गावकऱ्यांनी रस्त्यावर भाकरी आणि पाणी ठेवले, हे खरे. परंतु गावकऱ्यांच्या भाकरीवर देशाची अन्नव्यवस्था उभी करायची काय? ८ मे रोजी औरंगाबादजवळ करमाड येथे रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याहून भुसावळच्या दिशेने ते चालत निघाले होते. रुळांवर विखुरलेल्या त्यांच्या पोळ्यांचे छायाचित्र वाचकांना स्मरत असेल.

त्याच्या अठरा दिवस आधी, २० एप्रिल रोजी, केंद्रीय साठ्यातील ‘जादा’ तांदळापासून इथेनॉल काढून ते हात धुण्याच्या द्रावणासाठी आणि पेट्रोलमध्ये मिसळण्यासाठी वापरावे, असा निर्णय झाला होता. यावर अधिक भाष्य करण्याची आमची इच्छा नाही.

शिधावाटपाने लोकांना तारले, हे मात्र मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. २६ मार्चला जाहीर झालेल्या योजनेनुसार अन्नसुरक्षा कायद्याखालील प्रत्येक माणसाला नेहमीच्या धान्याव्यतिरिक्त दरमहा पाच किलो धान्य मोफत मिळाले. अन्न महामंडळाच्या गोदामांतील हमालांनी आणि रेल्वेच्या कामगारांनी त्या काळात जे धान्य हलविले त्याला तोड नाही. पन्नास वर्षांपूर्वी रेशनचे दुकान म्हणजे भ्रष्टाचाराचे आगर, म्हणून ते मोडीत काढा, असे सांगणारे आणि अलीकडे ‘रोख रक्कम द्या, बाजार बाकीचे पाहील’ असे सांगणारे, दोघेही त्या दिवसांत गप्प होते. बाजार बंद असताना रोख रक्कम चावून खाता येत नाही, एवढे त्यांनाही उमगले असावे. राज्य सरकारने शिवभोजन थाळीचा दर दहा रुपयांवरून पाचावर आणला, पुढे २०२१ च्या निर्बंधांत काही महिने ती मोफतही दिली. तेही योग्यच झाले.

पण हे जाळे कोणाकोणाला झेलणारे होते? कायद्याचे लाभार्थी २०११ च्या जनगणनेवरून ठरलेले. दहा कोटींहून अधिक माणसे केवळ लोकसंख्या वाढली म्हणून या हक्काबाहेर राहिली, असा हिशेब ज्याँ द्रेझ आणि रीतिका खेरा यांनी तेव्हाच मांडला होता. २०२१ ची जनगणना झालीच नाही; ती आता २०२७ वर गेली आहे. महाराष्ट्रात ग्रामीण कुटुंबाला या कायद्याचा लाभ मिळण्यासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा होती ४४,००० रुपये. म्हणजे साऱ्या कुटुंबाचे मिळून दिवसाला एकशे वीस रुपये. ज्याच्या घरात एकशे पंचवीस रुपये येतात तो या राज्यात अन्नासाठी गरजू नव्हे! अशा केशरी कार्डधारकांना राज्याने मे आणि जून असे दोन महिने आठ रुपयांनी गहू आणि बारा रुपयांनी तांदूळ दिला. पुढे ते बंद झाले. कार्डच नसलेल्या स्थलांतरितांसाठी केंद्राने मे महिन्यात आठ लाख टन धान्य जाहीर केले, आणि ऑगस्टअखेर त्यातले सुमारे एक तृतीयांशच प्रत्यक्ष माणसांपर्यंत पोचले होते. धान्य मिळावे म्हणून ज्यांच्याकडे कागद मागितले जात होते ती माणसे तोवर चालत आपापल्या घरी पोचलीही होती.

त्याहून बोचणारा प्रश्न ताटाचा आहे. गहू-तांदूळ मिळाला, पोळी आणि भात झाला. त्याबरोबर काय? योजनेत कुटुंबामागे महिन्याला एक किलो डाळ होती. पाच माणसांच्या घरात माणशी रोजी सात ग्रॅमदेखील भरत नाही. तीही वेळेवर आली नाही, कारण शासनाच्या साठ्यात होते ते अख्खे कडधान्य आणि त्याची डाळ करायची तर मिली पुरेशा चालत नव्हत्या. पाहा, आपण पुन्हा त्याच चाळीस किलोमीटरांत येऊन पोचलो. शेतकऱ्याच्या ओसरीवर तूर, शासनाच्या गोदामात तूर, आणि मजुराच्या ताटात कोरडा भात. जुलैपासून डाळीऐवजी अख्खा हरभरा देण्यात आला आणि नोव्हेंबरला तोही संपला. २०२१ साली मोफत धान्य पुन्हा सुरू झाले तेव्हा त्यात डाळीचे नावही नव्हते.

आमच्या भागात हे वर्ष दुसऱ्या लाटेने सर्वांच्या आधी गाठले. राज्यात अन्यत्र लोक मोकळेपणाने फिरत असताना फेब्रुवारी २०२१ च्या अखेरीस अमरावती, अचलपूर, अकोला, अकोट आणि आमचे मूर्तिजापूर येथे पुन्हा दारे लागली. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात तर अमरावती आणि अकोला जिल्ह्यांत किराणा दुकानेही बंद राहिली. माल घरपोच मिळेल असे सांगण्यात आले. शहरातल्या वसाहतीत तो मिळालाही असेल; खेड्यातल्या, आणि शहरालगतच्या झोपडीतल्या, पाव किलोच्या गिऱ्हाइकाला घरपोच माल कोण आणून देणार होते?

आणि ती वेळ तेलाच्या भडक्याची होती. सोयाबीनचे तेल वर्षभरात सुमारे दीडपट झाले. त्या मे-जूनमध्ये खाद्यतेलांच्या भाववाढीचा दर तीस टक्क्यांच्या वर होता. फोडणीला तेल नाही म्हणून घरोघर भाजीऐवजी चटणी आणि पाण्यातले वरण. आता हा विरोधाभास पाहा. सोयाबीन पिकवतो कोण? आम्हीच. ज्वारी काढून आमच्या शेतकऱ्याने सोयाबीन धरले त्याला दोन पिढ्या झाल्या. ऑक्टोबर २०२० मध्ये त्याने ते चार हजारांच्या आसपास विकले, कारण दिवाळी आणि देणी तोंडावर होती. ऑगस्ट २०२१ मध्ये तेच सोयाबीन दहा हजारांवर गेले. पण तोवर शेतकऱ्याच्या घरी बियाण्यापुरतेही उरले नव्हते. मधल्या सहा हजारांचा धनी कोण झाला? आणि नवे पीक हाती येण्याच्या तोंडावर कुक्कुटपालन उद्योगाच्या मागणीवरून केंद्राने बारा लाख टन सोयापेंडीच्या आयातीला परवानगी दिली. मळणी होईपर्यंत भाव पाच हजारांवर उतरला. तेल मात्र त्या प्रमाणात उतरले नाही. तुरीच्या बाबतीतही मे २०२१ मध्ये आयात खुली करण्यात आली. शेतकऱ्याच्या मालाला भाव येऊ लागला की शासन आठवडाभरात जागे होते. त्याचा भाव हमीभावाखाली गेला असता त्याला अशी जाग आल्याचे आमच्या पाहण्यात नाही. येथे ग्राहकाच्या हिताचे नाव पुढे केले जाते. पण खेड्यातला ग्राहक हा त्याच शेतकऱ्याचा मजूर आहे. धन्याचा भाव पडला की मजुराचा रोज पडतो.

साठेबाजीविषयीचा कायदाही याच काळात हाताळला गेला. जून २०२० मध्ये, संसद भरलेली नसताना, तीन अध्यादेश निघाले. त्यांपैकी एकाने १९५५ च्या जीवनावश्यक वस्तू कायद्याची धार बोथट केली. नाशवंत नसलेल्या धान्याचा किरकोळ भाव वर्षभरात पन्नास टक्के वाढल्याशिवाय साठ्यावर मर्यादा घालायची नाही, असा तो नियम. म्हणजे शंभराची डाळ दीडशे होईपर्यंत शासनाने हात बांधून बसायचे. आमचे काही अर्थशास्त्रज्ञ मित्र या बदलाचे समर्थन करताना शेतकऱ्याचे नाव घेत होते. परंतु वऱ्हाडातला किती शेतकरी शेकडो टन तूर साठवून ठेवतो हे त्यांनी सांगितले नाही. पुढे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये या कायद्यांना स्थगिती दिली आणि जुलै २०२१ मध्ये, डाळी आवाक्याबाहेर जाऊ लागताच, त्याच सरकारला कडधान्यांवर साठामर्यादा घालावी लागली. ठोक व्यापाऱ्याला २०० टनांची मर्यादा २ जुलैला घातली आणि १९ जुलैला ती ५०० टन केली. या सतरा दिवसांत कोणाची शिष्टमंडळे कोठे जाऊन आली, ते वाचकांनीच ताडावे. दिल्लीच्या वेशीवर वर्षभर बसलेल्या शेतकऱ्यांमुळे अखेर नोव्हेंबर २०२१ मध्ये हे कायदे मागे गेले.

१९७२ साली तेल-धान्याच्या भाववाढीविरुद्ध मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गृहिणी लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या. २०२० आणि २०२१ साली भाव त्याहून कमी टोचत होते असे नाही. पण पाच माणसांनी एकत्र उभे राहणे हाच गुन्हा होता. निर्बंधांनी व्यापाराची साखळी तोडली तशी गाऱ्हाणे सांगण्याची वाटही बंद केली, याचा विचार साथीचे कायदे पुन्हा लिहिले जातील तेव्हा झाला पाहिजे.

आता आजच्या प्रश्नाकडे येऊ. विदर्भ आणि मराठवाडा मिळून जे चौदा जिल्हे शेतकरी आत्महत्यांचे म्हणून ओळखले जातात, त्यांत अकोला आहे. या जिल्ह्यांतील केशरी कार्डधारक शेतकऱ्यांना २०१५ पासून माणशी पाच किलो धान्य दोन रुपये आणि तीन रुपये दराने मिळत असे. केंद्राचे मोफत धान्य त्यांना कधीच मिळाले नाही, कारण ते कायद्याच्या यादीत नव्हते. तरी साथीच्या दोन्ही वर्षांत हे पाच किलो धान्य त्यांच्या घरी येत राहिले. २०२२ साली केंद्राने या योजनेसाठी धान्य देण्याचे थांबविले. राज्याने बाजारातून धान्य घेऊन योजना चालू ठेवावयाची, की बंद करावयाची? फेब्रुवारी २०२३ च्या शासननिर्णयाने तिसरीच वाट काढली. धान्याऐवजी माणशी दरमहा १५० रुपये कुटुंबप्रमुख महिलेच्या खात्यात जमा होतील. २०२४ मध्ये ते १७० झाले.

पाच किलोंना १७० म्हणजे किलोला चौतीस रुपये. आज हिशेब जुळतो असे क्षणभर धरून चालू. गव्हाचा भाव चाळीस होईल तेव्हा? पाच किलो धान्य भाव कितीही वाढला तरी पाच किलोच राहते. १७० रुपये मात्र दर हंगामाला थोडेथोडे आटत जातात आणि ते वाढवून घेण्यासाठी दर वेळी मंत्रालयाची पायरी चढावी लागते. भाववाढीचा धोका शासनाच्या गोदामावरून उचलून शेतकऱ्याच्या बायकोच्या डोक्यावर ठेवण्याचा हा प्रकार आहे. उद्या पुन्हा साथ आली, पुन्हा दुकानाला कुलूप लागले, तर बँकेच्या पासबुकातली नोंद चुलीवर कशी चढवायची? २०२० च्या एप्रिलमध्ये जे सर्वांना उमगले होते ते तीन वर्षांत विसरले गेले, आणि तेही नेमके आत्महत्याग्रस्त म्हणून ज्यांची यादी केली त्यांच्याच बाबतीत.

आमची मागणी अवाजवी नाही. या चौदा जिल्ह्यांत रोख रक्कम थांबवून पुन्हा धान्य सुरू करावे आणि ते धान्य येथलेच असावे. ज्वारी ही या मुलुखाची भाकर. गव्हाच्या रेशनने ती ताटातून गेली आणि आता दुकानात ती गव्हाहून महाग मिळते. मधूनमधून हमीभावाने घेतलेली ज्वारी आणि मका रेशनवर आला आहे, तेव्हा हे अशक्य आहे असे अधिकाऱ्यांना म्हणता येणार नाही. डाळीचे तर याहून सोपे. तूर मूर्तिजापूर, बार्शीटाकळी, दर्यापूर या तालुक्यांतून हमीभावाने उचलावी, अकोल्याच्या मिलींत भरडावी आणि याच तालुक्यांतल्या स्वस्त धान्य दुकानांतून माणशी निदान एक किलो दरमहा द्यावी. साथ असो वा नसो, या वाटेला परराज्याचा ट्रक लागत नाही की रेल्वेचा डबा लागत नाही. खर्चाचा प्रश्न विचारला जाईल. त्याचे उत्तर शासनाच्याच दप्तरात आहे. दरवर्षी खरेदी केलेली तूर साठवायची, काही काळाने ती बाजारात तोट्याने विकायची आणि त्या विक्रीने शेतकऱ्याचा पुढचा हंगाम पाडायचा, या जुन्या व्यवहारात किती रुपये गेले ते पणन खात्याने एकदा जाहीर करावे. येत्या अधिवेशनात या भागाच्या आमदारांनी हा प्रश्न लेखी विचारावा, अशी आम्ही त्यांना विनंती करीत आहोत. उत्तर मिळाले तर ते याच पानावर छापू.